परत की भेट

गेल्या जून महिन्यात मी चिपळूणला जाऊन वाचनालयाचे एक पुस्तक परत केले. परत करण्यासाठी गेले होते, असे म्हणणे अधिक खरे. कारण प्रत्यक्षात ते परत झालेच नाही. देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या ग्रंथपाल मुलीने पुस्तक हातात घेतले, पहिल्या पानावरचा फिकटलेला जांभळा शिक्का आणि त्याखालचा दाखल क्रमांक पाहिला, मग शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीवरून बोट खाली खाली नेत ती शेवटच्या शिक्क्यावर थांबली. परतीची तारीख ४ जून १९८६. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा पुस्तकाकडे पाहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, “काकू, हे परत म्हणून नाही घेता येणार. इतक्या वर्षांत हा क्रमांक निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी झालेला असणार. मी भेट म्हणून लिहिते, चालेल ना?” मी चालेल म्हटले. विलंब शुल्काचे पैसे मी वेगळे काढून आणले होते, ते पर्समध्येच राहिले. तिने वहीत माझे नाव लिहिले, पुस्तकाचे नाव लिहिले आणि शेवटच्या रकान्यात ‘भेट’ असा शब्द लिहून माझी सही घेतली. तिचे काहीच चुकले नव्हते. तरीही त्या एका शब्दाने मला परतीच्या प्रवासात आणि नंतर कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

जे माझे कधी नव्हतेच, ते मी भेट कसे देणार?

हे पुस्तक आईच्या लोखंडी कपाटात सापडले. आई गेली त्याला आता वर्ष होऊन गेले. तिच्या साड्या वाटून टाकायच्या म्हणून आम्ही बहिणी बसलो होतो. खालच्या खणात, डांबरगोळ्यांचा वास भिनलेल्या दोन इरकली लुगड्यांच्या मध्ये ते ठेवलेले होते. हिमालयातल्या पायी प्रवासाचे वर्णन असलेले, कापडी कण्याचे, सव्वादोनशे पानांचे पुस्तक. माझे वडील सरकारी नोकरीत होते आणि १९८६ च्या मे महिन्याअखेर त्यांची बदली पुण्याला झाली. चिपळूणच्या पाग भागातल्या भाड्याच्या घरातले सामान दोन दिवसांत बांधले गेले आणि त्या घाईत वाचनालयाचे पुस्तक आमच्याबरोबर घाट चढून आले, इतके समजण्यासारखे होते. न समजण्यासारखी गोष्ट निराळी होती. पुस्तकाला घातलेले कव्हर कॅलेंडरच्या पानाचे होते आणि ते पान जुलै २००५ चे होते. म्हणजे एकोणीस वर्षांनी आईने ते पुस्तक बाहेर काढले होते, जुने कव्हर फाटले असेल म्हणून नवे घातले होते आणि पुन्हा लुगड्यांच्या घडीत ठेवून दिले होते. ती ते विसरली नव्हती.

पुस्तकात एक चिठ्ठीही होती. ती मी लगेच ओळखली, कारण तशा शेकडो चिठ्ठ्या मुठीत धरून मी त्या वाचनालयात गेले आहे. आमच्या वेळी आमच्या ओळखीच्या घरांतल्या बायका वाचनालयाच्या सभासद असत, पण स्वतः तिथे क्वचित जात. दुपारी भांडी आवरून झाली की आई वाण्याच्या पुडीच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तीन नावे लिही. पहिले तिला हवे असलेले पुस्तक, दुसरे ‘ते नसल्यास’ आणि तिसरे ‘तेही नसल्यास’. तिसऱ्या नावाच्या खाली ‘नाहीतर तुम्हांला योग्य वाटेल ते’ असे एक वाक्य ठरलेले असे. ग्रंथपाल काका ती चिठ्ठी चष्मा कपाळावर सरकवून वाचत, आत जात, आणि बहुतेक वेळा चौथ्याच प्रकारातले पुस्तक घेऊन येत. त्यांना माझ्या आईची आवड बरोबर माहीत होती. माझी आई त्यांच्याशी उभ्या आयुष्यात फार तर पाचसहा वाक्ये बोलली असेल. बाकीचा सगळा संवाद पुड्यांच्या कागदांवर झाला. हे पुस्तक असेच चौथे होते, कारण चिठ्ठीवरच्या तीन नावांत त्याचे नाव नाही. पुण्याच्या पलीकडे कधी न गेलेल्या बाईला हिमालय पायी चालायला आवडेल, हे त्यांनी ओळखले असावे.

पावसाळ्यातले ते वाचनालय मला आजही श्वासात आठवते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात कागद कधी पूर्ण कोरडा नसतो. जुलैमध्ये पुस्तकांची पाने जाडसर होत, पुठ्ठे वाकत, कण्यावरच्या खळीला एक आंबूस वास येई आणि त्यात ओल्या छत्र्यांचा, फरशीवरच्या चिखलाचा आणि वर्तमानपत्राच्या शाईचा वास मिसळे. मुंबईची वर्तमानपत्रे एसटीने येत आणि घाटात किंवा महामार्गावर काही अडले की सकाळचे वर्तमानपत्र संध्याकाळचे होई. तोवर वाचनकक्षातल्या उतरत्या लाकडी फळ्यांपुढे वृद्ध मंडळी कालचीच पाने पुन्हा वाचत उभी असत. घरी आणलेले पुस्तक आई आधी चुलीपासून हातभर अंतरावर उभे करून ठेवी, पाने पंख्यासारखी उघडून. ते उबेला कोरडे होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरातल्या पुष्कळ पुस्तकांना म्हणूनच थोडा धुराचा वास असे आणि ती परत करताना मला त्याची लाज वाटे.

चिपळूणकर ज्याला सुटसुटीतपणे ‘लोटिस्मा’ म्हणतात, ते लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे आहे. लहानपणी हे साल मी अनेकदा ऐकले होते, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. रत्नागिरीला १८२८ मध्ये, अहमदनगरला १८३८ मध्ये, नाशिकला १८४० मध्ये, पुण्यात १८४८ मध्ये वाचनालये निघाली होती, पण ती साहेबांच्या कचेऱ्या, न्यायालये आणि इंग्रजी शिकलेले कारकून असलेली ठिकाणे होती. चिपळूण हे तालुक्याचे, व्यापाराचे गाव. खाडीने गोवळकोटपर्यंत गलबते यायची आणि तिथून माल कुंभार्लीच्या वाटेने देशावर चढायचा. अशा गावात, मुंबई विद्यापीठाला जेमतेम सात वर्षे झालेली असताना, मराठी कादंबरी नावाचा प्रकारही सातच वर्षांचा असताना, कुणाला तरी वाचनालय असावेसे वाटले. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, मुंबईचा रस्ता समुद्रातून होता. म्हणजे मीठ, नारळ आणि कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर पुस्तकेही पाण्यानेच आली असणार. ‘केसरी’ निघायला अजून सतरा वर्षे होती. आणि ज्यांचे नाव पुढे या वाचनालयाला मिळाले, ते टिळक तेव्हा रत्नागिरीत आठ वर्षांचे होते. एखादी संस्था आपल्या नावाच्या माणसापेक्षा फक्त आठ वर्षांनी लहान असते, या गोष्टीचे मला फार अप्रूप वाटते. त्या लहान मुलाचे पुढे काय होणार आहे हे कुणालाही ठाऊक नसताना, पन्नास कोसांच्या आत दोन बालपणे शेजारी शेजारी चालली होती.

वाचनालयांच्या स्मरणिकांत इतिहास ज्या पद्धतीने लिहिला जातो, तो मला पुरेसा वाटत नाही. संस्थापक, अध्यक्षांची परंपरा, इमारत निधी, ग्रंथसंख्या हे सगळे नोंदवले गेलेच पाहिजे, आणि ज्यांनी स्वतःच्या खिशातून दिवे लावले त्यांची नावे पुसली जाता कामा नयेत. पण वाचनालयाचा खरा इतिहास मला, पुस्तक सापडले त्या रात्री, त्याच्या शेवटच्या पानावर दिसला. तारखांची ती पट्टी १९६१ च्या पावसाळ्यात सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये शिक्के एकमेकांवर चढलेले आहेत, कारण पावसात घराबाहेर पडता येत नाही आणि हिमालय घरात येतो. शिमग्याच्या आसपास दरवर्षी पोकळी आहे. पालखी घराघरांत नाचत असताना कोण वाचत बसणार? गणपतीतही तसेच. एक शिक्का १६ डिसेंबर १९६७ चा आहे. म्हणजे ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्या वेळी हे पुस्तक चिपळुणातल्या कुणाच्या तरी उशाशी किंवा फळीवर होते. त्या पहाटे लोक थंडीत अंगणात धावत आले होते, हे मी मोठ्या माणसांकडून असंख्य वेळा ऐकले आहे. पुस्तक मात्र घरातच राहिले असेल, भिंतींबरोबर हलले असेल, आणि त्या वाचकाने ते यथावकाश आणून दिले. त्याच्यानंतरही लोकांनी ते नेले आणि आणले. पंचवीस वर्षांत या पट्टीवर एकही माणूस असा नाही ज्याने ते परत केले नाही.

शेवटच्या शिक्क्याखालची जागा रिकामी आहे, ती आमची.

मी हे लिहिताना ‘सार्वजनिक’ या शब्दापाशी अडखळते. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या वाचनालयांच्या नावांत ‘नेटिव्ह’ आणि ‘जनरल’ हे शब्द मोठ्या विश्वासाने घातलेले दिसतात, पण त्या ‘जनरल’मध्ये कोण बसत होते? वकील, मामलेदार कचेरीतले लोक, शिक्षक, काही व्यापारी. कपाटांत इंग्रजी पुस्तके अधिक आणि मराठी थोडी. केवळ मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय काढावे, ही गोष्ट ठाण्यात घडायला १८९३ साल उजाडावे लागले. स्त्रिया त्या कपाटांसमोर नव्हत्या. गावकुसाबाहेरचा माणूस तर त्या उंबरठ्याच्याही बाहेर होता. याच चिपळुणात एप्रिल १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती. ज्यांच्यासाठी ती भरली, त्यांच्या हातात वाचनालयाचे पुस्तक किती सहज येऊ शकत होते, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या वाचनालयाने स्वतःला विचारायला हवा, असे मला मनापासून वाटते. माझ्या आईची चिठ्ठी हासुद्धा त्याच प्रश्नाचा एक कोपरा आहे. तिला पुस्तक मिळत होते, पण पुस्तकांच्या रांगांमधून स्वतः हात फिरवत हिंडणे मिळत नव्हते. मी परकर-पोलक्यात जिथे मनसोक्त हिंडले, ती जागा तिने माझ्या वर्णनातूनच पाहिली. म्हणूनच कदाचित घरी आल्यावर ती मला आधी विचारी, “आज कुठल्या कपाटापर्यंत गेलीस?”

ज्या वर्षी भूकंप झाला, त्याच वर्षी, १९६७ मध्ये, महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. मद्रास प्रांताने १९४८ मध्येच ग्रंथालयांसाठी कर बसवला होता; आपण तो बसवला नाही. लोकांनी स्वतः वर्गणी काढून चालवलेली जी वाचनालये गावोगावी होती, त्यांना मान्यता द्यायची, अ, ब, क, ड असे वर्ग करायचे आणि अनुदान द्यायचे, हा मार्ग आपण घेतला. यामुळे वाचनालय गावाच्या मालकीचे राहिले, ही फार मोलाची गोष्ट आहे. सरकारी कचेरीत पुस्तक मागायला जाणे आणि आपल्या वर्गणीच्या वाचनालयात जाणे यांत मनाला फरक पडतो. पण त्याची किंमत ग्रंथालय सेवकांनी मोजली. अनुदान उशिरा येते, त्यातच पुस्तके, नियतकालिके, वीजबिल आणि पगार. वेतनश्रेणीची मागणी करता करता माणसे निवृत्त झाली. आईच्या चिठ्ठ्या वाचणारे काका कसे राहत असतील, याचा विचार मी तेव्हा कधीच केला नाही. त्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवलेली असे, हे मला दिसत होते, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. आता लागतो आणि वाईट वाटते.

चिपळुणात पाणी येणे नवे नाही. वाशिष्ठी आणि शिव नदी फुगल्या, त्यात भरतीची वेळ जुळली, की बाजारपेठेत पाणी शिरते. दुकानदार माल माळ्यावर चढवतात, पाणी उतरले की चिखल ओढून काढतात. आमच्या लहानपणी मोठी माणसे पुराची मापे नाक्यांवरून आणि पायऱ्यांवरून सांगत. पण २६ जुलै २००५ च्या पाण्याने ती मापे मोडली आणि २२ जुलै २०२१ च्या पाण्याने उरलीसुरलीही मोडली. त्या दिवशी बाजारपेठेतले तळमजले बुडून पाणी वरच्या मजल्यांकडे निघाले होते. लोटिस्माची हजारो पुस्तके त्या पाण्यात गेली. पाणी ओसरू लागले तो दिवस २३ जुलै, म्हणजे टिळकांच्या जन्माचा दिवस. एरवी त्या दिवशी तिथे फोटोला हार घातला गेला असता.

भिजलेले पुस्तक मी त्या ऑगस्टमध्ये पाहिले, वाचनालयात नव्हे, माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी. तोवर मला वाटे की पुस्तक भिजते म्हणजे ओले होते आणि मग वाळते. तसे होत नाही. कागद पाणी पिऊन फुगतो आणि मांडणीत दाटीने लावलेली पुस्तके एकमेकांना इतकी घट्ट चेपतात की ती ओढून निघत नाहीत. खळ विरघळते, कणा सुटतो. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटून वीट बनते आणि ती वीट पुन्हा कधी उघडत नाही. दोनतीन दिवसांत बुरशी धरते, आधी पांढरी, मग हिरवी, मग काळी. आणि पुराचा चिखल हा साधा चिखल नसतो. त्यात डिझेल असते, गटार असते, सडलेले धान्य असते. मैत्रिणीने आपल्या मुलाची पुस्तके फावड्याने घमेल्यात भरली. “आपण पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचो गं,” एवढेच ती म्हणाली. पुण्यात परत आल्यावर मी आईला हे सांगितले नाही. पण तिने वाचनालयाचे फोटो माझ्या बहिणीच्या फोनवर पाहिले होते. बहीण सांगते, आईने तो फोन बराच वेळ हातात धरून ठेवला, आणि मग काही न बोलता आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडले. साडी बदलायची असेल, असे बहिणीला वाटले.

म्हणजे आईने दोन पूर पाहिले. पहिल्या पुरानंतर तिने पुस्तकाला नवे कव्हर घातले, दुसऱ्या पुरानंतर कपाट उघडले. एकदा पोस्टाने पाठवून दिले असते तर प्रश्न मिटला असता, पण मग ते पुस्तकही पाण्यात गेले नसते कशावरून? आणि वाचले ते केवळ आम्ही ते परत केले नाही म्हणून, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मला या विचाराची भीती वाटते, कारण त्यात चुकीला पुण्याचा रंग चढतो. वाचनालय ज्या विश्वासावर उभे आहे, तो प्रत्येकाने पुस्तक आणून देण्याचा विश्वास आहे; पट्टीवरच्या त्या सगळ्या अनोळखी माणसांनी तो पाळला. मधल्या एकोणचाळीस वर्षांत हिमालयाचे ते पुस्तक किती मुलींच्या हातात जाऊ शकले असते, हे मी मोजू शकत नाही. पूर यायच्या आधी त्यातली एकोणीस वर्षे गेली होती. ती माझ्या आईच्या खात्यावर आहेत, आणि आई माझी असल्यामुळे माझ्याही.

पुरानंतर महाराष्ट्रभरातून लोटिस्माकडे पुस्तके आली. याच संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरवले होते. तेव्हा ज्यांनी तिचे आतिथ्य अनुभवले, त्यांनी आता आपली कपाटे उघडली असतील. आज तिथल्या मांडण्यांत नव्या पुस्तकांत मधूनच दुसऱ्या कुणाच्या घरातले पुस्तक दिसते, आत पेनाने लिहिलेले एखादे नाव, एखादी वाढदिवसाची तारीख. त्या सगळ्यांच्या समोरही ‘भेट’च लिहिलेले आहे. ती मुलगी माझ्या पुस्तकासमोर दुसरे काय लिहिणार होती? तिच्या वहीत ‘परत’साठी रकाना आहे, पण परतीसाठी आधी गेल्याची नोंद लागते, आणि आमची गेल्याची नोंद मिटवून संस्थेने आम्हांला केव्हाच मोकळे केले होते. आम्हीच मोकळे झालो नव्हतो.

मी तिला एकच विनंती केली. मागच्या पानावरची जुनी पट्टी काढू नका. ती म्हणाली, “नाही काढत, काकू. नवी समोरच्या पानावर लावीन.” मग मी विचारले की आत्ताच सभासद होऊन हेच पुस्तक मला वाचायला नेता येईल का? घरी सापडल्यापासून ते उघडून वाचण्याचे धैर्य मला झाले नव्हते. तिने नकारार्थी मान हलवली. नवा क्रमांक पडेल, शिक्के होतील, यादीत नाव चढेल, मगच ते देवघेवीत जाईल. “आठ-दहा दिवसांनी या.” मी वर्गणी आणि अनामत भरली. पत्ता पुण्याचा लिहिताना ती थबकली, पण काही बोलली नाही.

दुपारच्या गाडीने निघाले. कुंभार्लीच्या घाटात धुके उतरले होते आणि वरून पाण्याच्या धारा रस्त्यावर येत होत्या; चालकाने दिवे लावले. पर्समध्ये विलंब शुल्काचे पैसे होते, सभासदत्वाची पावती होती, आणि आईची चिठ्ठी होती. पुस्तक देण्याआधी, वाचनालयाच्या पायरीवर उभी असताना, मी ती हळूच काढून घेतली होती. ग्रंथपाल काकांसाठी लिहिलेली ती चिठ्ठी खरे तर वाचनालयाचीच. घाट संपेपर्यंत मी ती हातात धरून बसले. वाण्याच्या पुडीचा कागद, पेन्सिलीची तीन नावे. ती तीनही पुस्तके आता तिथे आहेत का, हे विचारायचे राहून गेले होते. दहा दिवसांनी जाईन तेव्हा चिठ्ठी बरोबर नेईन आणि टेबलावर ठेवीन.